टोकाचं पाणी

आमच्या चिखलीत तायडे मॅडमना डॉक्टर म्हणणारे कमी आणि 'टीव्हीवाल्या बाई' म्हणणारेच जास्त. त्यात अपमान कोणाच्या मनात नव्हता. इको करणारे डॉक्टर मशीनचा पडदा स्वतःकडे वळवून बसतात. पेशंटनं भिंत पाहत पडायचं आणि डॉक्टर 'हं' करतात की 'अरे' करतात यावरून आपलं भविष्य ओळखायचं. मॅडमना ते पटायचं नाही. त्यांनी घरचा जुना टीव्ही दवाखान्यात आणला, पलंगासमोरच्या भिंतीवर ठोकून घेतला आणि मशीनची वायर त्याला जोडली. पेशंट डाव्या कुशीवर वळला की त्याच्या डोळ्यांसमोर त्याचंच हृदय धडधडत असायचं. 'ज्याचा माल, त्यानं पाह्यला पाह्यजे,' एवढंच त्यांचं म्हणणं.

मी कांचन. मॅडमकडे अकरा वर्षं होते. ईसीजी काढायचा, नावं लिहायची, म्हाताऱ्यांना पलंगावर चढवायचं-उतरवायचं आणि बाहेरच्या रांगेत भांडणं लागली की ती मिटवायची, हे माझं काम. कधी कधी ती भांडणं माझ्याच तोंडामुळे लागायची, ते सोडा.

इको म्हणजे काय, हे मॅडम सगळ्यांना एकच सांगायच्या. ही सोनोग्राफीच आहे, फक्त छातीची. सुई नाही, भाजत नाही, दुखत नाही. हे हातातलं छोटं यंत्र छातीवर फिरवलं की आतलं हृदय, त्याच्या झडपा आणि त्यातून निघणाऱ्या मोठ्या नळ्या टीव्हीत दिसतात. डोणगावची एक आजी हे सगळं ऐकून कुशीवर वळली आणि टीव्हीकडे टक लावून पाहत राहिली. मग तिनं विचारलं, हे बंद कधी होते? मॅडम म्हणाल्या, बंद नाही होत आजी, जन्मापासून चालूच आहे. रात्री झोपल्यावर? रात्रीही. आजीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. "अवं माय, याले त एक दिवसाची बी सुट्टी नाही," म्हणाली. "अन् मी समजत होती, घरात मीच एकटी राबून राह्यली." त्या दिवसापासून म्हणे आजीनं दुपारची झोप घ्यायला सुरुवात केली.

मॅडम बुटक्या होत्या. खुर्चीवर दोन उशा ठेवून बसायच्या. कॉटनची साडी खोचलेली, वर अॅप्रन, पायात पोरांसारखे कॅनव्हासचे बूट, गाल लवंगेनं एका बाजूला फुगलेला. कामाला बसल्या की त्या पेशंटशी कमी आणि त्याच्या आतल्या सामानाशी जास्त बोलायच्या. बरगडी आड आली की तिला 'सरक ना बाई' म्हणायच्या. बिडी ओढणारा आला की त्याची फुगलेली फुप्फुसं हृदयावर पांघरूण घातल्यासारखी येतात, मग काही धड दिसत नाही. तेव्हा मॅडम फुप्फुसांना झापायच्या, की तुम्हाला कोणी बोलावलं मधे? पेशंट बिचारा आपल्यालाच बोलल्या समजून बिडीचं बंडल काढून टेबलावर ठेवायचा. असली बंडलं माझ्या खणात पडलेली असायची.

छातीला लावायचं जेल थंडगार असतं. पौषातल्या सकाळी ते उघड्या छातीवर पडलं की भले भले पैलवान किंचाळतात. मॅडमनी त्यासाठी रुंद तोंडाचा थर्मास घेतला होता. सकाळी आल्या आल्या मी त्यात गरम पाणी ओतायची आणि जेलची बाटली आत उभी करायची. एकदा मी विसरले. मॅडमनी ते थंड जेल माझ्याच मनगटावर ओतलं आणि विचारलं, पाहुण्याला असं जेवायला वाढशील का? त्यानंतर कधी विसरले नाही.

पेरणीच्या दिवसांत एक शेतकरी आला. कुशीवर वळला, हात उशाला घेतला, गरम जेल लागलं आणि गडी चक्क घोरायला लागला. तपासणी झाली तरी उठेना. मी हलवायला गेले, तर मॅडमनी बोट ओठावर ठेवलं. आठ दिवसांत पहिल्यांदा पाठ टेकली असेल, झोपू दे, म्हणाल्या. बाहेर रांग खवळलेली. मी बाहेर जाऊन गंभीर तोंड करून सांगितलं की आत सिरियस केस आहे. वीस मिनिटांनी सिरियस केस जांभया देत बाहेर आली.

मॅडमना राग यायचा तो फक्त एका गोष्टीचा. गरोदर बाईचा इको असला की सोबतची एखादी सासू हळूच म्हणायचीच, बाई, मशीन हातात आहेच, त जरासं खाली सरकवा ना. भिंतीवर एवढा मोठा बोर्ड लावलेला की इथं गर्भलिंग सांगत नाहीत, पण चष्मा घरी राहिलेला असायचा. हिवरा आश्रमाकडून आलेली एक सून होती. लहानपणी सांध्यांचा ताप येऊन गेलेला, त्यानं हृदयाची झडप आवळलेली. चार पायऱ्या चढली की धाप. सासूनं नेहमीचं विचारलं. मॅडमनी तिला हाताला धरून टीव्हीसमोर उभं केलं आणि ती चिकटलेली झडप दाखवली. "खाली काय पाहता? पोरगा असो की पोरगी, ज्याच्या जिवावर ते जगून राह्यलं, ते हे आहे. हे सांभाळा," म्हणाल्या. सासू वरमली. पण पुढे त्या सुनेला दर तपासणीला तीच घेऊन यायची, आणि पायऱ्यांवर मागून हात देऊन चढवायची, हेही मला सांगितलं पाहिजे.

आता रफीक मिस्त्रीचं सांगते. ते सांगितल्याशिवाय मॅडम पूर्ण होत नाहीत.

रफीकभाई अमडापूरचे. मोटार वायंडिंगचं दुकान. आजूबाजूच्या दहा-बारा गावांच्या विहिरींवरच्या मोटारी जळल्या की त्यांच्याकडे येणार. ते आले तेव्हा चौतिशीचे होते. डोकं दुखायचं, बीपी जास्त, म्हणून अमडापूरच्या डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन पाठवलेलं. मे महिना होता. सकाळपासून लाइट नव्हती. इन्व्हर्टरवर मशीन चालू होतं, आणि ऐन त्यांच्या वेळी इन्व्हर्टर शिट्टी वाजवायला लागला. बाहेर अजून अकरा जण. मॅडमनी हात पटपट चालवला. झडपा चांगल्या, कप्पे चांगले, भिंत जराशी जाड. भिंत बीपीनं जाड होतेच. कपडे घालता घालता रफीकभाई बोलून गेले, की विहिरीतून वर चढलं की पिंढऱ्या फार भरून येतात. एवढ्या खोल उतरता, भरून येणारच, असं मॅडम म्हणाल्या. मीठ कमी करा, गोळ्या चुकवू नका. पुढचा पेशंट.

इकोचा एक क्रम असतो. आधी छातीच्या डाव्या बाजूनं पाहायचं, मग खालून, मग पोटाच्या वरून, आणि सगळ्यात शेवटी गळ्याच्या खळगीतून. खळगी म्हणजे छातीचं हाड संपतं तिथली मऊ जागा, बोट दाबलं की ठसका लागतो ती. हृदयातून निघालेली मोठी रक्तवाहिनी तिथं छत्रीच्या मुठीसारखी वळते आणि पाठीमागून खाली पोटाकडे, पायांकडे जाते. ते वळण फक्त तिथूनच नीट दिसतं. आणि क्रमात ते शेवटी येतं, म्हणून घाईच्या दिवशी नेमकं तेच गळतं.

दीड वर्षानं अमडापूरच्या डॉक्टरांचा फोन आला. रफीक मिस्त्रीच्या नाकातून रक्त थांबेना, बीपी पार वर गेलेलं, संभाजीनगरला नेलं. तिथं सापडलं की मोठी नळी त्या वळणाच्या पुढेच जन्मापासून आवळलेली आहे. वरच्या अंगाला जोर, खाली पायांना रक्त पुरत नाही. जाळी टाकून जागा मोकळी केली, माणूस वाचला. आपल्या दोघांनाही कळलं नाही बघा, असं म्हणून डॉक्टरांनी फोन ठेवला.

मॅडमनी मला दार लावायला सांगितलं आणि मशीनमध्ये साठवलेली त्या मे महिन्यातली तपासणी उघडली. एकेक चित्र येत गेलं. शेवटचं आलं आणि पडदा काळा झाला.

"खळगी कुठाय, कांचन?"

मी सांगायला लागले, की त्या दिवशी लाइट नव्हती, इन्व्हर्टर ओरडत होता, अकरा जण बाहेर होते. त्यांनी पुन्हा तेवढंच विचारलं. 

दुसऱ्या दिवशी त्या अमडापूरला निघाल्या. मी खूप समजावलं. कोणाला माहीत नाही, कोणी विचारलं नाही, आणि तुम्ही आपण होऊन मान सुरीखाली द्यायला चालल्या. दिवस कसे आहेत? लोक दवाखाने फोडतात. मॅडम गाडीची चावी शोधत म्हणाल्या की त्या माणसाला अजून वाटत असेल, आपण गोळ्या चुकवल्या म्हणून हे झालं. मला त्यांचा राग आला होता, आणि त्यांना एकटं पाठवायची हिंमतही होत नव्हती. मी शेजारी जाऊन बसले.

दुकानात तांब्याच्या तारेची वेटोळी आणि पोट उघडलेल्या मोटारी. रफीकभाई खुर्चीवर, अंगानं निम्मे झालेले, पण हातात पाना होताच. मागच्या घरातून त्यांची बायको, शबानाभाभी, दाराशी आली. खुर्ची दिली तरी मॅडम बसल्या नाहीत. उभ्यानंच बोलल्या.

"मिस्त्री, त्या दिवशी मी तुमचं हृदय पाह्यलं, पण मोठी नळी पाह्यली नाही. पाह्यली असती त तवाच सापडलं असतं. तुमच्या गोळ्यांची चूक नाही, मिठाची नाही. चूक माझी आहे. तेवढं सांगाले आली."

भाभी मॅडमकडे नाही, आधी नवऱ्याकडे पाहायला लागली. नंतर कळलं की दीड वर्ष त्या घरात काय चाललं होतं. भाभीनं अळणी भाजी केली, रोज संध्याकाळी गोळ्यांचं पाकीट तपासलं, आणि तरी बीपी उतरत नाही म्हणजे हा बाहेर काहीतरी चटकमटक खातो, गोळ्या फेकून देतो, म्हणून भांडली. एकदा पोरं घेऊन आठ दिवस माहेरी जाऊन बसली होती. रफीकभाई शपथा घ्यायचे. तिला खऱ्या वाटायच्या नाहीत.

"डेढ साल मैं इनको झूठा बोलती रही, मॅडम," भाभी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागला. मग ती आत गेली. अमडापूरसारख्या गावात दारी आलेल्याला चहा मिळत नाही असं होत नाही. त्या दिवशी चहा आला नाही.

रफीकभाईंनी हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाले, "मॅडम, टीव्ही त मी बी पाहत होतो. मले बी नाही दिसलं."

आणि हसले. मला रडू फुटलं. मॅडम रडल्या नाहीत, पण पहिल्यांदा खुर्चीवर बसल्या.

मग रफीकभाई आपल्या धंद्याचं बोलायला लागले. टोमणा म्हणून नाही, त्यांना मोटारीशिवाय दुसरं बोलताच यायचं नाही. मोटार बांधली, विहिरीवर नेली, बसवली, बटण दाबलं, मोटार गुणगुणली. कच्चा मिस्त्री तिथंच हात पुसतो आणि घरी जातो. त्यांच्या उस्तादांनी त्यांना शिकवलं होतं की मोटारीच्या आवाजावर कधी विश्वास ठेवायचा नाही. पाइपाच्या कडेकडेनं चालत जायचं, वावराच्या शेवटपर्यंत. मधे कुठं पाइप दबलेला असला तरी मोटार गुणगुणतेच. "टोकाले पाणी पडते का, ते पाह्याशिवाय मिस्त्रीनं विहीर सोडू नाही," ते म्हणाले.

 परतीच्या वाटेवर मॅडमनी लवंगसुद्धा तोंडात टाकली नाही. मी दोन-तीनदा काहीबाही विषय काढून पाहिला आणि सोडून दिला.

दुसऱ्या दिवसापासून चिखलीतल्या गळ्यांची शांती संपली. जो येईल त्याची खळगी. सत्तरीची आजी असो, की पायऱ्या चढताना नुसतं दमलेलं कोणी असो, शेवटी खांद्याखाली उशी जायचीच आणि मॅडम म्हणायच्या, हनुवटी वर, पंखा पाहा. तपासणीत एवढी एकच वेळ अशी, की पेशंटला टीव्ही दिसत नाही. नुसता पंखा दिसतो, आणि डॉक्टरवर भरवसा ठेवून पडून राहावं लागतं. लोकांना ते आवडायचं नाही. कोणाला गुदगुल्या व्हायच्या, कोणाला ठसका लागायचा. एक बाई म्हणाली, मॅडम, मी सगळं खरं सांगितलं, आता गळा काऊन धरता? रांग लांबायची, शिव्या मला पडायच्या. शिकायला आलेला एक तरुण डॉक्टर म्हणाला की इतक्या वयाच्या माणसात हे कुठून सापडणार मॅडम, वेळ जातो. मॅडमनी त्याला अमडापूरच्या दुकानाचा पत्ता दिला आणि सांगितलं, जाऊन विचारून ये.

सापडलं मात्र एकदा. पोलीस भरतीची तयारी करणारी एक पोरगी होती. बीपी वाढलेलं, धावताना पाय दुखायचे. घरचे म्हणत होते परीक्षेचं टेन्शन आहे. मॅडमनी खळगीत हात धरला आणि तेच चित्र दोनदा पाहिलं. मग मला म्हणाल्या, मिस्त्रीला फोन लाव. पोरीला धड सांगायच्या आधी त्यांनी रफीकभाईंना सांगितलं की एक दबलेला पाइप सापडला. पोरीच्या नळीत जाळी पडली. ती भरती झाली की नाही मला माहीत नाही, पण तिच्या लग्नाची पत्रिका आली होती, आणि पत्रिकेवर मॅडमच्या नावाआधी 'डॉक्टर' लिहिलेलं होतं. टीव्हीवाल्या बाई नाही.

रफीकभाई दरवर्षी एकदा यायचे, जाळी नीट आहे का ते पाहायला. आले की त्यांची आणि मॅडमची मैफल जमायची. पेशंटला समजवायची मॅडमची सगळी भाषा तिथून आली. हृदय म्हणजे मोटार. झडप म्हणजे फुटव्हॉल, विहिरीत पाइपाच्या तळाशी असतो तो, चढलेलं पाणी परत खाली येऊ न देणारा. आपल्याकडच्या माणसाला हृदय कळत नाही, पण फुटव्हॉल गळतो म्हटलं की रोग, त्याचा त्रास आणि पुढचं संकट सगळं एका वाक्यात कळतं. त्यात एकदा गंमत झाली. अमडापूरकडच्या एका बापूंना मॅडमनी सांगितलं की तुमचा फुटव्हॉल जरासा गळतो, घाबरू नका. चार दिवसांनी बापू हजर. धोतराच्या सोग्यातून त्यांनी कागदाची पुडी काढली. आत फुटव्हॉलचं कोरं करकरीत चामड्याचं वायसर. रफीकभाईंच्या दुकानातून आणलेलं. मिस्त्रीनं सांगितलं होतं की साइज मॅडमला विचारून घ्या. मॅडम इतक्या हसल्या की चष्मा जेलच्या थर्मासमध्ये पडला. ते वायसर शेवटपर्यंत त्यांच्या टेबलावर होतं, कागदांवर वजन म्हणून.

शबानाभाभी मात्र इतक्या लवकर हसली नाही. ती सोबत यायची, बाहेरच्या बाकावर बसायची आणि मॅडमशी बोलायची नाही. पहिली ईद गेली, काही आलं नाही. बुद्धपौर्णिमेला मॅडमच्या घरून खिरीचा डबा अमडापूरला जायचा. तो डबा धुवून, पुसून, रिकामा परत यायचा. मॅडम काही म्हणायच्या नाहीत. मीच चिडायची. मॅडम एकदाच म्हणाल्या की तिनं दीड वर्ष नवऱ्यावर संशय घेतला, ते माझ्यामुळे. ते परत मिळत नसतं, कांचन. तिसऱ्या वर्षी डबा थेट ईदला परत आला, तो जड लागला. आत शीरखुर्मा होता. मॅडमनी तो मला दिला नाही, कोणाला दिला नाही. दार लावून एकट्यानं खाल्ला.

मग मॅडमचा उजवा खांदा गेला. वर्षानुवर्षं हात एकाच पद्धतीनं धरून त्याचा सांधा आखडला होता. साडीचा पदर घेताना तोंड वाकडं व्हायचं. इंजेक्शनं झाली, शेक झाले. लेक नागपूरला होती, ती कधीची मागे लागलेली. शेवटी मॅडमनी दवाखाना बंद करून तिच्याकडे जायचं ठरवलं. मला सांगितलं तेव्हा त्या जेलची बाटली पुसत होत्या आणि माझ्याकडे पाहत नव्हत्या. मी म्हटलं, बरं. एवढंच सुचलं. 

शेवटच्या दिवशी बाहेर हारांचा ढीग होता. कोणी शाल आणलेली, कोणी वावरातल्या शेंगा. डोणगावची ती झोपाळू आजी नातवाच्या गाडीवर बसून आली होती. शेवटचा नंबर रफीकभाईंचा होता. तो त्यांनी स्वतःच मागून घेतलेला. भाभी आत आली, बाकावर बसली नाही.

मॅडमचा खांदा त्या दिवशी फार दुखत होता. मधे दोनदा हात बदलला. रफीकभाई कुशीवर वळून टीव्ही पाहत होते. मोटार पाहून झाली, फुटव्हॉल पाहून झाला, भिंत पूर्वीपेक्षा पातळ झालेली दिसली. बाहेरून कोणीतरी हाक मारली, की मॅडम, हार घेऊन लोक खोळंबले. मॅडमनी हातातलं खाली ठेवलं, टॉवेल पुढे केला आणि म्हणाल्या, झालं मिस्त्री, उठा.

मिस्त्री उठले नाहीत. पाठीवर वळले. बाजूची उशी हातानं ओढून त्यांनी स्वतःच्या खांद्याखाली घेतली, हनुवटी वर केली आणि पंखा पाहायला लागले.  मी जेलची बाटली थर्मासमधून काढली. मॅडमच्या लक्षात आलं, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडे पाहिलं. त्यांनी डाव्या हातानं उजव्या कोपराला आधार दिला आणि खळगीत हात धरला.

टीव्हीत ते वळण आलं. पुढे जाळीची बारीक रेघ, आणि तिच्या आतून रक्त खाली चाललेलं. मॅडमनी आवाज चालू केला. खोलीभर घुश्श, घुश्श. भाभी पुढे होऊन टीव्हीत पाहत होती. मिस्त्रींना काही दिसत नव्हतं. वर पाहतच त्यांनी विचारलं.

"मॅडम, टोकाले पाणी पडते?"

"पडते, मिस्त्री," मॅडम म्हणाल्या. "चांगलं पडते."